बोंडू आणि पेंढ्याचा मुरघास: रत्नागिरीचा चारा काजूच्या झाडाखाली कुजतोय

फेब्रुवारीच्या शेवटी लांजा, राजापूर किंवा संगमेश्वर तालुक्यातल्या काजूच्या बागेत सकाळी जा. बाया घमेल्यात काजू बी गोळा करत असतात. बी पिरगळून काढली की लाल-पिवळा बोंडू तिथेच झाडाखाली टाकून त्या पुढे सरकतात. दुपारपर्यंत त्याला आंबूस वास सुटतो, चिलटे जमतात आणि दोन दिवसांत त्याचा चिखल होतो. त्याच सुमारास आंबा घाटातून मक्याच्या मुरघासाच्या गाठी आणि कडबा भरलेले टेम्पो खाली उतरत असतात. म्हणजे आपण घरची वैरण कुजवतो आणि घाटावरची वैरण भाडे भरून आणतो.

चारा महाग झाला, पेंड महाग झाली, दुधाचा दर मात्र तिथेच राहिला, ही तक्रार प्रत्येक गोठ्यावर ऐकू येते आणि ती खरी आहे. पण रत्नागिरीत चारा नाही असे म्हणताना आपण फक्त हिरव्या गवताकडे बघतो. भाताचा पेंढा, काजूचा बोंडू, आंब्याची साल आणि फणसाची चारखंडे यांना आपण चारा म्हणून मोजतच नाही. यातली एकेकटी वस्तू घेतली तर तिच्यापासून चांगला मुरघास होत नाही, हेही खरे आहे. योग्य प्रमाणात एकत्र केल्यावर मात्र होतो. तो कसा करायचा, त्यात कुठे चुकते आणि सरकारी योजना यात कुठे कमी पडतात, ते या लेखात पाहू.

चारा गेला कुठे?

कोकणात पूर्वी चाऱ्याचे दोन आधार होते. एक म्हणजे भाताचा पेंढा आणि दुसरा म्हणजे वरकस जमिनीवरचे गवत. डोंगरउतारावर नाचणी, वरी घ्यायची, मग जमीन पड टाकायची आणि तिथले गवत कापून उडवी रचायची, असा क्रम होता.

१९९० मध्ये राज्याने रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड सुरू केली आणि हे चित्र पालटले. वरकस जमिनीवर आंबा आणि काजू उभा राहिला. हाती रोख पैसा देणारे पीक आले, ते चांगलेच झाले. पण त्या उतारावरचे गवत कमी झाले. भातातही ठेंगण्या, जास्त उत्पादन देणाऱ्या जाती आल्या. दाणा वाढला, पेंढा आखूड झाला. त्या पेंढ्यालाही वाटेकरी अनेक आहेत. काही आंब्याच्या आढीत जातो, काही पेटीत भरायला लागतो, काही राब भाजताना जळतो. त्यात कापणीच्या वेळचा पाऊस आहेच. २०१९ मध्ये ऑक्टोबरअखेरीस क्यार चक्रीवादळाच्या पावसात शेतात कापून पडलेले भात भिजले आणि त्याबरोबर पेंढाही काळा पडला. परतीच्या पावसाची ही धास्ती आता दर वर्षीचीच झाली आहे.

जिथे गवत होते, तिथे आज बोंडू पडतो. म्हणून चाऱ्याची तूट भरून काढायची तर पहिल्यांदा त्याच उतारावर शोधायला हवे.

बोंडू एकटा का चालत नाही, पेंढा एकटा का चालत नाही?

मुरघास आणि लोणचे यांचे तत्त्व जवळचे आहे. बरणी दाबून भरली, वरून तेलाचा थर दिला आणि हवा बंद केली की लोणचे मुरते. हवा राहिली की बुरशी येते. मुरघासात हवा बंद झाल्यावर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू चाऱ्यातल्या साखरेवर वाढतात. आम्लता वाढून सामू ४ च्या आसपास आला की कुजवणारे जिवाणू थांबतात आणि चारा टिकतो. यासाठी तीन गोष्टी लागतात: पुरेशी साखर, ६५ ते ७० टक्के ओलावा आणि हवाबंद जागा.

वाळलेल्या पेंढ्यात ओलावा १० टक्क्यांच्या आसपास असतो आणि साखर जवळजवळ नसते. त्यामुळे नुसता पेंढा ओला करून ड्रममध्ये दाबला तर तो मुरत नाही, बुरसतो.

बोंडूचे उलट आहे. त्यात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी आणि भरपूर साखर असते. साखर जास्त आणि पाणीही जास्त असले की यीस्ट जोर धरते आणि आम्लाऐवजी मद्य तयार होते. गोव्यात याच गुणावर फेणी उभी आहे. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. गाईच्या गव्हाणीत मात्र हा गुण दोष ठरतो. मी सुरुवातीला एक ड्रम नुसत्या फोडलेल्या बोंडूंनी भरला होता. महिन्याने झाकण उघडले तेव्हा गोठाभर हातभट्टीचा वास पसरला. खाली रस, वर चोथा, आणि गाईने तोंड फिरवले. तो सगळा माल खड्ड्यात गेला.

पेंढा बोंडूचे जास्तीचे पाणी शोषतो आणि बोंडू पेंढ्याला साखर व ओलावा देतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. मक्याच्या मुरघासाला काही जण गूळ घालतात, त्याची इथे गरज नाही.

हा विचार नवा नाही. काजू मूळचा ब्राझीलचा. तिथल्या ईशान्य भागात काजूच्या रसाचे कारखाने आहेत आणि रस काढल्यावर उरलेला चोथा वाळवून नेपिअर गवताच्या मुरघासात मिसळण्यावर तिथे बरेच संशोधन झाले आहे. आपल्याकडे नेपिअर कमी आणि पेंढा जास्त, म्हणून आपली जोडी वेगळी.

प्रमाण किती? आधी हिशेब

१०० किलो मिश्रणासाठी हे प्रमाण धरा:

- ताजे बोंडू: ६० किलो
- वाळलेला, स्वच्छ पेंढा: २५ किलो
- गिरिपुष्पाचा सुकवलेला पाला: १५ किलो

यात कोरडा भाग सुमारे ३५ टक्के येतो आणि ओलावा ६५ टक्के राहतो. आपल्याला तेवढाच हवा आहे.

गिरिपुष्प कशाला, असे विचाराल. पेंढ्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के असतात आणि बोंडूतही फार नसतात. दोघांच्याच मिश्रणात कोरड्या भागावर प्रथिने ५ टक्क्यांच्या आसपास येतात. जनावराच्या कोठीपोटातले जिवाणू नीट काम करायचे तर किमान ७ टक्के तरी लागतात. गिरिपुष्पाच्या पाल्यात ती २० टक्क्यांच्या वर असतात. १५ किलो पाला घातला की मिश्रण साडेसहा टक्क्यांपर्यंत पोहोचते. उरलेली तूट आंबोणातली पेंड भरून काढते. बांधावर, कुंपणाला गिरिपुष्प बहुतेकांकडे असतेच. नसेल तर सुबाभूळ किंवा शेवग्याचा पाला वापरा. ताज्या गिरिपुष्पाला उग्र वास असतो, म्हणून तोडल्यावर अर्धा दिवस सावलीत सुकवा.

आता दोन संकरित गाईंचा हिशेब. दर गाईला रोज ८ किलो, असे ६० दिवस. म्हणजे ९६० किलो मुरघास. त्यासाठी बोंडू लागतात सुमारे ५७५ किलो. बोंडूचे वजन बीच्या साधारण आठपट धरले, तर ७२ किलो काजू बी गोळा करताना एवढे बोंडू निघतात. मध्यम बागेत हंगामाच्या भरात हे काही दिवसांचे काम आहे. पेंढा लागतो २४० किलो आणि पाला सुमारे १४५ किलो.

८ किलो मुरघासातून गाईला पावणेतीन किलो कोरडा चारा मिळतो. साडेतीनशे-चारशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला १० ते ११ किलो कोरडा चारा लागतो. म्हणजे या मुरघासातून तिची पाव गरज भागते. तो आंबोणाची जागा घेत नाही. विकतच्या मुरघासाची आणि कोरड्या पेंढ्याची काही जागा घेतो. कुणी याहून मोठे आश्वासन दिले तर विश्वास ठेवू नका.

भरायची पद्धत

दोन-चार जनावरांसाठी २०० लिटरचा रिंग-झाकणाचा प्लास्टिक ड्रम सर्वात सोयीचा. त्यात नीट दाबून १०० ते १२० किलो माल बसतो. मोठी बॅग एकदा उघडली की ती संपेपर्यंत रोज हवा लागते. ड्रम दोन गाईंना आठवडाभरात संपतो आणि बाकीचे बंदच राहतात. ड्रममध्ये पूर्वी औषध, रंग किंवा रसायन ठेवलेले नसावे. धुऊन घेतला तरी तसा ड्रम वापरू नका.

१. त्याच दिवशी गोळा केलेले बोंडू घ्या. आदल्या दिवशी पडलेले, काळे पडलेले, मद्याचा वास येणारे बाजूला काढा.

२. प्रत्येक बोंडूची बी निघाली आहे ना, ते बघा. काजूच्या टरफलातले तेल जहाल असते, जनावराच्या तोंडाला आणि आतड्याला भाजते. एकही बी आत जाता कामा नये.

३. माती लागलेले बोंडू पाण्यातून काढून निथळू द्या. मातीबरोबर नको असलेले जिवाणू येतात.

४. पेंढा कडबाकुट्टीवर २ ते ३ सेंटिमीटर कापा. लांब पेंढा दाबला जात नाही, आत हवा राहते.

५. बोंडू चिरा किंवा ठेचा. रस गळू देऊ नका, तो पेंढ्यातच जिरायला हवा. म्हणून ठेचायचे काम पेंढ्याच्या कुट्टीवरच करा.

६. ड्रमच्या तळाला १० सेंटिमीटर नुसत्या पेंढ्याचा थर द्या. वर मिश्रण थोडे थोडे टाकून प्रत्येक थर गमबूट घालून पायाने तुडवा. कडेला जास्त दाबा.

७. हवे तर १०० किलोला अर्धा किलो मीठ घाला. युरिया घालू नका.

८. काठोकाठ भरून वर जाड प्लास्टिक, मग झाकण आणि रिंग. ड्रम सावलीत ठेवा. पहिल्या तीन-चार दिवसांत वायू तयार होऊन झाकण फुगले तर रिंग क्षणभर सैल करा आणि लगेच घट्ट करा.

ओलावा तपासायला मुठीची चाचणी पुरेशी आहे. मिश्रण मुठीत घट्ट दाबा. बोटांतून पाणी ठिबकले तर पेंढा वाढवा. मूठ उघडताच गोळा मोडून पडला तर बोंडू वाढवा. गोळा हळूहळू उमलला आणि तळवा नुसता ओलसर झाला, तर ड्रम भरायला घ्या. रस काढून उरलेला बोंडूचा चोथा वापरत असाल तर त्यात पाणी आधीच कमी असते. तिथे पेंढा निम्म्यावर आणा आणि पुन्हा मूठ दाबून बघा.

४० ते ४५ दिवसांनी ड्रम उघडा. चांगला मुरघास पिवळसर-तपकिरी दिसतो आणि त्याला आंबट-गोड वास येतो. सामू कागद असेल तर ४ च्या आसपास दाखवतो. काळा, बुळबुळीत, कुबट किंवा मद्याच्या तीव्र वासाचा माल देऊ नका. पांढरी-हिरवी बुरशी वरच्या थरात थोडी असेल तर तो भाग आजूबाजूच्या मालासह मोठा काढून टाका. ती आत खोलवर गेली असेल तर पूर्ण ड्रम खतात घाला. ११० किलोच्या मोहापायी गाय गमावू नका.

केव्हा भरायचा?

रत्नागिरीत चाऱ्याची खरी ओढ मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत असते. बोंडूचा हंगामही फेब्रुवारी ते मेचा. म्हणून हंगाम संपताना उरलेसुरले बोंडू भरण्यापेक्षा सुरुवातीचे भरलेले चांगले. फेब्रुवारीअखेर भरलेला ड्रम एप्रिलच्या मध्यावर उघडतो, मार्चच्या मध्यावर भरलेला एप्रिलअखेरीस. हेच साठ दिवस सर्वात कठीण असतात.

एप्रिल-मेमध्ये भरलेला माल पावसाळ्यात उघडेल. तेव्हा गवत भरपूर असते, मग त्याचा उपयोग काय? उपयोग आहे. जून-जुलैचे कोवळे गवत पाणचट असते. पोट भरते, पण कोरडा चारा कमी जातो आणि शेण पातळ होते. त्याच वेळी उघड्यावरची उडवी दमट हवेत बुरसू लागते. बंद ड्रममधला पेंढा मात्र सुरक्षित राहतो. गवताबरोबर रोज ३-४ किलो मुरघास दिला तर कोरडा भाग भरून निघतो. हवाबंद राहिला तर तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही टिकतो. उंदरांपासून आणि उन्हापासून ड्रम जपा, एवढेच.

इथे सावध राहा

फवारणी: काजूवर ढेकण्यासाठी मोहोरापासून फवारण्या होतात. औषधाच्या लेबलवर दिलेला प्रतीक्षा कालावधी उलटल्याशिवाय त्या झाडाचे बोंडू जनावराला देऊ नका. मुरघासात कीटकनाशक नाहीसे होते असे समजू नका.

बुरसलेला पेंढा: कापणीच्या वेळी भिजून काळा पडलेला पेंढा यात दडपू नका. बुरशीचे विष आम्लाने जात नाही. ते गाईच्या यकृतावर परिणाम करते आणि त्यातले अफ्लाटॉक्सिन दुधातही उतरते. ते दूध आपल्याच घरातली मुले पितात.

तुरटपणा: बोंडूत टॅनिन असते. ते जास्त झाले की जनावर खात नाही आणि प्रथिने पचायला अडथळा येतो. कच्चे, हिरवट बोंडू टाळा. एकूण कोरड्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त हा मुरघास नको.

अचानक बदल: पहिल्या दिवशी एक किलो द्या आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू पूर्ण प्रमाणावर या. एकदम जास्त आंबट चारा गेला तर पोटात आम्लता वाढते, रवंथ थांबते. कोकण कपिला आकाराने लहान असते, तिला ४ ते ५ किलो पुरे. वासरांना तीन-चार महिन्यांपर्यंत देऊ नका.

कॅल्शिअम: भाताच्या पेंढ्यातले ऑक्झलेट कॅल्शिअम बांधून ठेवते. पेंढ्यावर असलेल्या दुभत्या गाईला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्याच.

आंब्याची साल आणि फणस

याच तत्त्वावर आणखी दोन गोष्टी बसतात. कॅनिंगच्या हंगामात आंब्याच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा साल आणि कोय म्हणून बाहेर पडतो. साल गोड असते आणि तिच्यात बोंडूपेक्षा पाणी थोडे कमी असते. साधारण ८० किलो सालीला २० किलो पेंढा पुरतो. पाला घालायचा तर सालीतून वजा करा. कोय मात्र घालू नका. ती कठीण असते, कुट्टी यंत्राचे पाते मोडते आणि आतल्या गरात टॅनिन जास्त असते. फवारणीचे अवशेष फळाच्या सालीवरच राहतात. म्हणून माल कुठल्या बागांचा आहे हे सांगू शकेल अशाच ठिकाणची साल घ्या.

फणसाची चारखंडे आणि पाती यांनाही ८०:२० हेच प्रमाण लागू पडते. चिकामुळे कुट्टी यंत्र बसते, तेव्हा कोयतीने तुकडे करा आणि कोयतीला तेल लावा. आठळ्या मात्र आपल्या भाजीसाठीच ठेवा.

बोंडू नसेल तर?

काजू नाही, नुसता पेंढा आहे, अशांनी मुरघासाच्या मागे लागू नये. त्यांच्यासाठी युरिया प्रक्रिया आहे. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडायचा, दाबायचा आणि प्लास्टिकखाली २१ दिवस बंद ठेवायचा. युरियातून तयार होणारा अमोनिया पेंढ्याचे कठीण तंतू सैल करतो. प्रथिने ३-४ टक्क्यांवरून ७ टक्क्यांच्या आसपास जातात. उघडल्यावर तासभर पसरून वास जाऊ द्या आणि मगच द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्या, ते जिवावर बेतते.

या दोन पद्धती एकत्र करू नका. मुरघासात आम्ल टिकवायचे असते आणि अमोनिया तेच आम्ल मारतो. युरिया लावलेला पेंढा बोंडूत मिसळला तर दोन्ही बिघडतात.

योजना कोणासाठी आहेत?

चारा प्रक्रियेसाठी सरकारी पैसा नाही असे नाही. २०२१ मध्ये सुधारित झालेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात मुरघास, चारा विटा आणि एकत्रित पशुआहार यांच्या प्रकल्पांना भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. २०२० च्या पशुसंवर्धन पायाभूत सुविधा विकास निधीतून पशुखाद्य प्रकल्पांच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळते. चिपळूण भागात अलीकडच्या वर्षांत वाशिष्ठी डेअरी उभी राहिली, म्हणजे दुधाला स्थानिक गिऱ्हाईकही तयार होते आहे. मग कोकणात मुरघास का दिसत नाही?

कारण या योजनांचा साचा घाटावरच्या मक्याचा आहे. सपाट शेत, ट्रॅक्टर, एका ठिकाणी शेकडो टन माल, हार्वेस्टर आणि बेलर. आपला बोंडू उतारावर विखुरलेला आहे, दहा-बारा आठवडेच मिळतो आणि पहिल्या दिवसानंतर बिघडतो. एक टन बोंडू ट्रकने न्यायचा म्हणजे साडेआठशे किलो पाणी न्यायचे. पन्नास किलोमीटरवरच्या मोठ्या प्रकल्पापर्यंत तो पोहोचेल तेव्हा त्याची दारू झालेली असेल. बोंडूचा मुरघास वाडीतच व्हायला हवा. त्यासाठी लागते एक कडबाकुट्टी, वीस-पंचवीस ड्रम आणि सकाळी माल गोळा झाल्यावर दुपारी भरणारी चार माणसे. महिला बचत गटाला हे जमेल, बँकेच्या प्रकल्प अहवालात मात्र ते मावत नाही. राज्याला कोकणासाठी काही करायचे असेल तर वाडी पातळीवरचा सामाईक कुट्टी यंत्र आणि ड्रमचा छोटा संच योजनेत आणावा.

आंब्याच्या सालीचे गणित वेगळे आहे. ती कारखान्याच्या दारात, एका जागी, टनांनी मिळते आणि तिची विल्हेवाट हा कारखान्याचा खर्च आहे. तिथे पेंढा बाहेरून आणून मोठा प्रकल्प चालू शकतो. सध्याची अनुदाने तिथे बसतात. दूध संघ आणि कॅनिंग व्यावसायिकांनी एकत्र बसून हा हिशेब मांडायला हरकत नाही.

आपल्या भागासाठी नेमके प्रमाण, टॅनिनची मर्यादा आणि दुधावरचा परिणाम यांच्या चाचण्या शेतकऱ्यांच्या गोठ्यावर व्हायला हव्यात. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचे त्याचे फळ संशोधन केंद्र यांनी कोकणाला काजूच्या जाती दिल्या. त्या झाडाखाली पडणाऱ्या बोंडूचा गव्हाणीपर्यंतचा रस्ताही त्यांनीच घालून द्यावा, ही अपेक्षा गैर नाही.

यंदा काय कराल?

पहिल्याच वर्षी दहा ड्रम भरू नका. दोन भरा. दोन्हींवर भरल्याची तारीख आणि प्रमाण खडूने लिहा. एक पंचेचाळीस दिवसांनी उघडा आणि दुसरा पावसाळ्यात. उघडलेल्या मुरघासाचा एक नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पशुवैद्यकांना दाखवा. गाय दहा दिवस कसे खाते, शेण कसे पडते आणि दुधाचे माप काय म्हणते, ते वहीत लिहा. मग घाटावरून आलेल्या गाठीचा तुमच्या दारातला दर आणि तुमच्या ड्रमला लागलेली मजुरी शेजारी शेजारी मांडा. मजुरी धरूनही ड्रम स्वस्त पडला तर पुढच्या वर्षी वाढवा, नाही पडला तर थांबा.

पण निदान हा हिशेब मांडेपर्यंत तरी बी काढलेला बोंडू झाडाखाली टाकू नका. त्याच्यासाठी वेगळे घमेले ठेवा.